किड्यामुंग्यांची इंग्रजी शाळा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका प्राथमिक शिक्षिकेने सदस्यांशी साधलेला संवाद. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)



आपल्या गटाच्या दशसूत्रीतली पहिली पाच सूत्रं तुम्हाला झोपेतून उठवून विचारली तरी सांगाल. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड, दप्तर. पुढच्या पाचांत शिक्षणाचं सूत्र आहे, त्याचं काय? हप्ता चार दिवस लांबला तर गटाच्या अध्यक्ष घरी येऊन विचारतात, "ताई, काय अडचण आहे?" लेकराचं वाचन वर्षभर मागे राहिलं तर असं विचारायला कुणी येत नाही. आज त्याच सूत्रावर बोलायचं आहे, आणि त्यातही इंग्रजीवर.

इंग्रजीचं नाव काढलं की बायका मागे सरकतात. "मॅडम, आम्हाला कुठं इंग्रजी येतं? म्हणून तर कर्ज काढून पोराला फी भरायच्या शाळेत घातलं." कुणी कोणत्या शाळेत घालावं हे मी सांगायला आलेली नाही. पण एक लक्षात घ्या. आपल्या महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळेतसुद्धा पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे शाळा कुठलीही असो, इंग्रजीचं पुस्तक तुमच्या घरात येतंच. संध्याकाळी ते उघडून लेकराजवळ कोण बसतं, हा खरा प्रश्न आहे.

कुणीच बसलं नाही तर नुसते मार्क कमी पडत नाहीत. तिसरी-चौथीपर्यंत लेकराच्या मनात एक गोष्ट पक्की होते, "माझ्या आईला काही येत नाही." तुम्ही शेत सांभाळता, गटाचा हिशेब करता, बँकेत जाऊन साहेबाशी बोलता, आणि घरातलं आठ वर्षांचं पोर तुम्हाला अडाणी समजतं. मला यातलं ते जास्त लागतं.

म्हणून आज एकच गोष्ट सांगते. लेकराला इंग्रजीची गोडी लावायला आईला इंग्रजी यायलाच हवं असं नाही. आईला वस्तू माहीत हवी. लेकरू नवी भाषा शिकतं ते ओळखीच्या वस्तूला नवं नाव लावून. पाटीवर आपण "एक्स फॉर झायलोफोन" आणि "वाय फॉर यॉट" घोकून घेतो. झायलोफोन कुणी वाजवला आहे? यॉट कुणी पाहिली आहे? पोरगं घोकतं आणि विसरतं. मुंगी मात्र त्याने पाहिलेली असते. ती त्याला चावलेली असते, त्याचा गूळ तिने खाल्लेला असतो. तिला इंग्रजीत "अँट" म्हणतात हे एकदा कळलं की विसरत नाही.

किड्यांना पैसे पडत नाहीत, ते बारा महिने असतात, आणि पोरांना मुळातच त्यांचा नाद असतो. शिवाय किड्यांची माहिती तुमच्याइतकी कुणाला आहे? मावा कुठल्या पानामागे बसतो, वाळवी कुठून चढते, सगळं तुम्ही सांगू शकता. हे तुमच्याकडचं भांडवल आहे. ते इंग्रजीसाठी कसं वापरायचं, ते आता एकेक करून सांगते.

पहिलं, पाय मोजा.

किड्याला सहा पाय असतात. मुंगी, माशी, झुरळ, नाकतोडा, फुलपाखरू, सगळ्यांना सहा. कोळ्याला आठ, विंचवालाही आठ. म्हणून ते किडे नव्हेत. आता गंमत बघा. मृग लागला की लाल मखमली मृगाचा किडा निघतो. त्याला आपण किडा म्हणतो, पण मोठ्या झालेल्या मृगाच्या किड्याचे पाय मोजा. आठ भरतील! तो कोळ्याच्या गोतातला. गोगलगाईला पायच नाहीत, गोमीला मोजता मोजता दमाल.

लेकराला दोनच वाक्यं द्यायची. "इट हॅज सिक्स लेग्ज. इट इज अन इन्सेक्ट." कोळी असेल तर, "इट हॅज एट लेग्ज. इट इज नॉट अन इन्सेक्ट." यात आकडा आला, आहे-नाही आलं, आणि "अन" कुठं लावायचा तेही आलं. बी, फ्लाय यांच्या आधी "अ". अँट, इन्सेक्ट, एग यांच्या आधी "अन", कारण हे शब्द स्वराच्या उच्चाराने सुरू होतात. उत्तर बरोबर की चूक, हे तपासायला तुम्हाला इंग्रजी लागत नाही. पाय मोजता आले की झालं. माशी किंवा झुरळ मेलेलं सापडलं तर मोजायला बरं, जिवंत मुंगी थांबत नाही. तिला पारदर्शक बाटलीत दोन मिनिटं ठेवा आणि परत जिथल्या तिथं सोडा.

कुणी हुशार पोर विचारेल, "अळीला तर जास्त पाय दिसतात." बरोबर आहे. फुलपाखराच्या अळीचे पुढचे सहा खरे पाय, मागचे मऊ गोळे फांदीला धरायला. अळी म्हणजे किड्याचं बाळपण, मोठेपणी सहाच उरतात.

दुसरं, अंगाने शिका.

लहान पोराला एका जागी बसवून भाषा शिकवली की ते कंटाळतं. अंगणात उभं करा. "फ्लाय" म्हटलं की हात पसरून उडायचं. "जम्प" म्हटलं की नाकतोड्यासारखी उडी. "क्रॉल" म्हटलं की अळीसारखं सरपटायचं. "स्टॉप" म्हटलं की जिथल्या तिथं थांबायचं. पोर अजून बोलत नाही, फक्त ऐकतं आणि करतं. भाषेत ऐकणं आधी येतं, बोलणं मागून. तुमचं लेकरू मराठी असंच शिकलं. आधी "ये", "दे", "बस" त्याला कळलं, बोललं नंतर. आठवडाभर हा खेळ झाला की हुकूम द्यायचं काम पोराकडे द्या, उड्या तुम्ही मारा. सासूबाई हसतील, हसू द्या.

तिसरं, एका शब्दातून पाच शब्द.

"फ्लाय" म्हणजे उडणे, आणि "फ्लाय" म्हणजे माशीसुद्धा. हाऊसफ्लाय म्हणजे घरमाशी. फ्रूटफ्लाय म्हणजे आंब्यात, भोपळ्यात अळी पाडणारी फळमाशी. बटरफ्लाय म्हणजे फुलपाखरू. ड्रॅगनफ्लाय म्हणजे चतुर. फायरफ्लाय म्हणजे काजवा. एक शब्द पाठ झाला आणि पाच नावं हाताला लागली. आणखी एक गंमत. पोरं दिवसभर ज्याच्यामागे बॅट घेऊन धावतात ते "क्रिकेट". इंग्रजीत रातकिड्यालाही "क्रिकेट"च म्हणतात. रात्री अंगणात रातकिडा ओरडला की म्हणा, "ऐक, क्रिकेट सुरू झालं."

वाचायला शिकवताना छोटे शब्द घ्या. बी-यू-जी, बग. बग म्हणजे बारका किडा. आता फक्त पहिलं अक्षर बदला. एम लावला तर मग, म्हणजे चहाचा मग. जे लावला तर जग, म्हणजे पाण्याचा जग. आर लावला तर रग, म्हणजे पांघरायचा रग. जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीमागे अक्षरं लिहून कापा आणि पोराला जोडू द्या. घोकून आलेला शब्द तेवढाच येतो. अक्षराचा आवाज ओळखून आलेला शब्द त्याच्यासारखे दुसरेही वाचायला शिकवतो.

चौथं, एक आणि अनेक.

मराठीत एक मुंगी, अनेक मुंग्या. इंग्रजीत वन अँट, टू अँट्स. शेवटी एस लागला. फ्लायचं होतं फ्लाइज, तिथं शेवटचा वाय जातो आणि आय-ई-एस येतो. काही शब्द मात्र आडमुठे असतात. त्यातला एक आपल्या चांगल्या ओळखीचा आहे, ऊ! एक ऊ म्हणजे लाऊस, आणि अनेक उवा म्हणजे लाइस. लिखेला म्हणतात निट. रविवारी पोरीचं डोकं विंचरायला बसलात की फणीत एक निघाली, "वन लाऊस". दुसरी निघाली, "टू लाइस". तिला मोजू द्या. डोकं साफ झालं आणि व्याकरणही झालं! हसू नका, उवेलाही सहाच पाय असतात.

पाचवं, वर, खाली आणि आत.

आपल्या पोरांची इंग्रजी वाक्यं इथं अडखळतात, आणि त्याचं कारण सोपं आहे. मराठीत आपण म्हणतो, "मुंगी पानावर आहे." "वर" हा पानाच्या मागे चिकटतो आणि "आहे" शेवटी येतं. इंग्रजीत म्हणतात, "द अँट इज ऑन द लीफ." "ऑन" पानाच्या आधी येतो आणि "इज" मध्ये. पोर मराठीच्या क्रमाने बोललं तर त्याला ढ म्हणू नका, ते आपल्या भाषेच्या वाटेने चाललेलं असतं. त्याला नवी वाट दाखवायची.

एक काडेपेटी, एक पान आणि चिंचोका घ्या. चिंचोका म्हणजे आपला भुंगा, बीटल. तो पानावर ठेवा, "ऑन द लीफ". पानाखाली ठेवा, "अंडर द लीफ". काडेपेटीत ठेवा, "इन द बॉक्स". मग विचारायचं, "व्हेअर इज द बीटल?" एवढं एक वाक्य तुम्ही पाठ करा. उत्तर लेकरू देईल. जिथं मराठी आणि इंग्रजी जुळतात तेही दाखवा. लाल मुंगी, रेड अँट. काळी मुंगी, ब्लॅक अँट. रंग दोन्हीकडे आधीच येतो. पोराला धीर येतो की ही भाषा अगदीच उलटी नाही.

सहावं, लिंबाच्या झाडाची वही.

दारात लिंबू किंवा कढीपत्ता असेल तर कोवळी पानं पाहा. लिंबावर येणारं काळं-पिवळं फुलपाखरू तिथं एकेक अंडं घालतं, फिकट पिवळं, राजगिऱ्याच्या दाण्याएवढं. त्यातून अळी निघते. लहान असताना ती पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणजे पक्षी तिला खात नाहीत. मोठी झाली की हिरवीगार होते. डिवचली तर डोक्यामागून शिंगासारखं काहीतरी बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मग फांदीला स्वतःला बांधून कोष करते आणि शेवटी फुलपाखरू. पावसाळ्यात हे सगळं साधारण महिन्याभरात डोळ्यांसमोर घडतं. आपल्या राज्याचं फुलपाखरू, ब्लू मॉर्मन, ज्याला आपण राणी पाखरू म्हणतो, तेही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालतं. 2015 साली त्याला राज्य फुलपाखराचा मान मिळाला.

लेकराला एक वही द्या. रोज एक चित्र आणि तीन ओळी. "टुडे इज मंडे. आय सी वन एग. इट इज येलो." आठ दिवसांनी, "टुडे इज मंडे. आय सी अ कॅटरपिलर. इट ईट्स लीव्ज." वार आले, रंग आले, आकडे आले, आणि मुख्य म्हणजे स्वतः पाहिलेलं लिहिणं आलं. फळ्यावरून उतरवलेली दहा पानं एका बाजूला आणि या तीन ओळी दुसऱ्या बाजूला. खाली रोज तुम्ही सही करा. गटात आल्यावर आपण सही करायला शिकलो, ती इथंही उपयोगी पडू दे.

आता मोठ्यांच्या कामाची एक गोष्ट.

इन्सेक्ट या शब्दातून इन्सेक्टिसाइड निघतो, म्हणजे कीटकनाशक. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. फवारणी करणारा आपलाच माणूस असतो, आणि पाणी आणून देणाऱ्या आपण. औषधाच्या डब्यावर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो, त्याचे दोन त्रिकोण केलेले असतात. खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल आणि पिवळ्याला "पॉयझन" लिहिलेलं असतं, म्हणजे विष. निळ्याला "डेंजर", म्हणजे धोका. हिरव्याला "कॉशन", म्हणजे सांभाळून. हिरवा आहे म्हणून विष नाही, असं समजू नका.

हे तीन शब्द घरातल्या प्रत्येकाला वाचता आले पाहिजेत. पण डबा लेकराच्या हातात द्यायचा नाही, रिकामा डबासुद्धा नाही. चौकोन कागदावर काढा, रंग भरा, शब्द लिहा आणि भिंतीला लावा. परीक्षेपलीकडे इंग्रजी कशाला लागतं, ते त्यातून पोराला कळेल.

शेतीशाळेत गेलेल्या बायकांना मित्रकीटक आणि शत्रूकीटक माहीत आहेत. लेडीबर्ड, म्हणजे ढालकिडा, मावा खातो, म्हणून तो "फ्रेंड". मावा "पेस्ट". निंबोळी अर्क करता करता हे दोन शब्द पोरांच्या कानावर घाला.

काही पथ्यं सांगते.

गांधीलमाशी, मधमाशी, विंचू आणि केसाळ अळी यांना हात लावू द्यायचा नाही. त्यांना लांबूनच पाहायचं. "डोन्ट टच" हे वाक्य पहिल्याच दिवशी शिकवा. फवारलेल्या शेतात पोरांना किडे शोधायला पाठवायचं नाही. पाहून झालं की किडा सोडून द्यायचा. दगडाखालचा किडा पाहिला तर दगड परत तसाच ठेवायचा.

दुसरं पथ्य आपल्यासाठी. पोर चुकलं तर हसायचं नाही. "टू अँट" म्हणालं तर आपण नुसतं म्हणायचं, "हो, टू अँट्स," आणि पुढं जायचं. ज्याला हसतात ते लेकरू बोलायचं थांबतं, आणि बोलायचं थांबलं की भाषा थांबते. उच्चाराची शंका आली तर मोबाईलवरच्या भाषांतराच्या ॲपमध्ये मराठी शब्द बोला, ते इंग्रजी शब्द म्हणून दाखवतं. किंवा लेकराला सांगा, "उद्या मॅडमना विचारून ये आणि मला शिकव." आईला शिकवायला मिळालं की पोराचा उत्साह बघा. जे दुसऱ्याला शिकवतो ते आपलंही पक्कं होतं.

आता गटाने काय करायचं?

शिक्षण हक्क कायदा 2009 सालचा आहे. त्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आपल्यातल्या किती जणी त्या समितीत आहेत? ज्या आहेत त्यांनी नुसती सही करून परत येऊ नये. पहिलीच्या, दुसरीच्या मुलांना इंग्रजी वाचता येतं का, हे विचारावं. महिन्यातून एक तास पोरांना शाळेच्या आवारात किडे पाहायला न्या, असं सुचवावं. आणि "आम्हीही येतो, किड्यांची मराठी नावं आम्ही सांगू, इंग्रजी तुम्ही सांगा," असंही म्हणावं. शिक्षकाला अशी मदत मिळाली तर तो नाही म्हणणार नाही. मी शिक्षिका आहे म्हणून सांगते.

ज्या गावात हे जमणार नाही तिथं ग्रामसंघाने रविवारी सकाळचा एक तास धरावा. दहा-बारा पोरं, एक झाड आणि दोन ताया पुरेत. एक ताई शिकलेली असली तर बरं, नसली तरी दहावीतली एखादी मुलगी असतेच. तिलाही सराव होतो. खर्च म्हणाल तर एक वही आणि पेन्सिल. भिंग मिळालं तर उत्तमच, एकच घ्या आणि गटागटांत फिरवा.

तुमच्या आईने तुम्हाला चिमणीच्या उजेडात गोष्टी सांगितल्या, तेव्हा तिने कुठलं प्रशिक्षण घेतलं नव्हतं. तुम्हालाही या कामाला प्रशिक्षण लागणार नाही. रोज पंधरा मिनिटं लागतील, आणि "मला येत नाही" असं लेकरासमोर न म्हणता "चल, दोघं मिळून बघू" एवढं म्हणावं लागेल.

शेवटी एक विनंती, आणि ती इतिवृत्तात लिहून घ्या. पुढच्या सभेला येताना प्रत्येक गटाने दप्तराबरोबर एका लेकराची वही आणायची. त्यात चार चित्रं आणि बारा ओळी असाव्यात. चुका असल्या तरी चालतील. आपण बचतीचा आढावा घेतो तसाच त्या वह्यांचाही घेऊ.